घर क्रमांक सतरा, क्रम उणे एक

४ जानेवारी २००९, रविवार

डायरी फुकट मिळाली म्हणून लिहायला घेते आहे. मीरा रोडचं आमचं ऑफिस एकतीस डिसेंबरला बंद झालं. सरांनी प्रत्येकाला एक डायरी दिली आणि 'मंदी आहे, समजून घ्या' म्हणाले. परदेशातल्या दुकानांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो, ती दुकानंच बुडाली म्हणे. म्हणजे मी, नीलम, वय सव्वीस, सध्या घरी बसून मेथी निवडते. आईला माझी मेथी निवडण्याची पद्धतही पसंत नाही.

आज सकाळी लवूअण्णा आले. आमच्या गावाच्या, खैरकोंडच्या, मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष. गाव महाडच्या पुढे डोंगरात आहे, पण निम्मं गाव इकडे भाईंदर-नालासोपाऱ्यात पांगलेलं. मंडळाला वेबसाइट हवी आहे. फोटो आणि बातम्या हा नुसता मुलामा. खरं काम शिमग्याच्या पालखीचं. पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाते आणि कोणाच्या दारात आधी, कोणाच्या नंतर, हा क्रम मानाचा. त्यावरून दरवर्षी हमरीतुमरी होते. अण्णांचं म्हणणं, क्रम एकदाचा कम्प्युटरवर चढला की कतारमध्ये बसलेला पोरगाही बघेल आणि कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

"उत्तम, तुजी पोरगी हाय ना कम्प्युटरवाली? बसलीच हाय घरात."

बाबा मंडळाचे सेक्रेटरी आहेत. मला न विचारता हो म्हणून मोकळे झाले. अण्णांपुढे बाबांची मान आपोआप हलते. आधी मला राग आला, मग वाटलं, बरंच झालं. मेथीपेक्षा बरं.

७ जानेवारी, बुधवार

साइट जूमला नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर करते आहे. त्यात सगळा सांगाडा तयार मिळतो, आपल्याला हवी ती जोड आपण लिहून बसवायची. घरांचं एक टेबल लागेल: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, वाडी, पालखीचा क्रम. आणि टेबलासाठी एक क्लास.

बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. क्लास म्हणजे काय, विचारू लागले. मी म्हटलं, टेबल म्हणजे रजिस्टर आणि क्लास म्हणजे त्या रजिस्टरवर बसवलेला कारकून. बाहेरून भरलेला फॉर्म आला की हा त्यातले आपल्या ओळखीचे रकाने तेवढे उचलतो. मग तपासतो. काही कमी असलं तर परत पाठवतो, ठीक असलं तर नोंदवतो.

"म्हणजे माझीच नोकरी की!" बाबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की आई स्वयंपाकघरातून डोकावली.

फोर्टातल्या एका कंपनीत बाबा एकतीस वर्षं आवक-जावकला होते. कागद घ्यायचा, तपासायचा, नंबर घालायचा, पुढे पाठवायचा. शाळेत मला हे सांगायची लाज वाटायची. वडील काय करतात? कागद घेतात आणि कागद देतात.

"आणि फॉर्ममध्ये एखादी गोष्ट आली, पण ह्याच्याकडे तिचा रकानाच नसेल तर?"

"तर टाकून देतो. चूक पण दाखवत नाही."

"हे वाईट. आमच्याकडे मेमो मिळाला असता."

मजा आली आज. कित्येक दिवसांनी दोघं मिळून हसलो.

१५ जानेवारी, गुरुवार

बाबांनी मंडळाची जुनी वही दिली. त्यात घरं चौसष्ट. अण्णांनी फोनवर बजावून सांगितलं, त्रेसष्ट.

कमी झालेलं घर कोणतं ते विचारायची गरज नव्हती. सतरा नंबर, काशीनाथकाका, बाबांचे चुलतभाऊ. तीन वर्षांपूर्वी गावकीने ग्रामपंचायतीसाठी एक माणूस ठरवला आणि काका त्याच्या विरोधात उभे राहिले. पडले. पडले ते पडले, वर गावकीने घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे पाणी प्यायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण नाही, दारात पालखी नाही. जो बोलेल त्याच्यावरही तीच पाळी. हे सगळं कुठेही लिहिलेलं नाही. गावकी कधी काही लिहीत नाही. देवळात बसून बोलतात, सगळे माना हलवतात, झालं काम.

काकांची सलोनी माझ्याच वयाची. सुट्टीत गावाला आम्ही एका ताटात जेवायचो. आता ती भाईंदर पश्चिमेच्या मुर्ध्याला खोली घेऊन राहते आणि आमच्याकडे पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॅकिंगला येते. काल संक्रांत. स्टेशनच्या पुलावर समोरून आली. माझ्या पर्समध्ये तिळगुळाची पुडी होती. मी मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं. मोबाईलवर काही नव्हतं. गोड बोलायच्या दिवशी मला साधंही बोलता आलं नाही. ती थांबली नाही, पण तिची चाल किंचित मंद झाली होती, ते मला दिसलं.

घरी येऊन तिळगूळ वॉचमनला दिला.

२५ जानेवारी, रविवार

आज कमिटी आमच्याकडे बसली. अण्णा, विठूकाका आणि आणखी चौघं. मी कम्प्युटरपाशी, म्हणजे सभेत असून नसल्यासारखी. बायका गावकीत बसत नाहीत. पण माउस मला एकटीलाच येतो, करणार काय?

प्रश्न सतरा नंबरचा. अण्णा म्हणाले, "काढून टाक की. इषय संपला."

मी सांगितलं, काढता येईल. तेवढ्यात बाबा म्हणाले, "काढू नका. उद्या त्याने माफी मागितली, गावकीने घेतला, तर परत सगळं भरायचं? घर राहू दे. वेगळा रकाना करू, वाळीत आहे की नाही. टिक केली की यादीत येणार नाही."

"त्या रकान्याला असं नाव कशाला पायजेल? शेरा म्हन."

"शेऱ्यात कोणी काही पण लिहील, अण्णा. गोंधळ होईल. हे काय बाहेर दिसणार आहे? आतल्या बाजूला, फक्त कमिटीला. हो ना गं नीलम?"

हो म्हटलं. खरंच आहे ते.

मग बाबांना आणखी सुचलं. "आणि कोणी भरलं, कोणत्या तारखेला भरलं, हे पण आपोआप नोंदवलं जायला हवं. नाहीतर उद्या कोणीही येऊन क्रम बदलेल आणि आपण एकमेकांवर ढकलत बसू."

अण्णा खूश. "सेक्रेटरी म्हंजे असा पायजे. बगा, शिका."

मला अगदी किळस आली. सख्ख्यासारखा भाऊ! मंदाकाकीच्या, म्हणजे काशीनाथकाकांच्या बायकोच्या हातचं खाऊन बाबा मोठे झाले, कारण त्यांची आई लवकर गेली. आणि आज भावाला बाहेर ठेवायचा रकाना सुचवतात, वर तो नीट नेटका कसा असावा तेही सांगतात. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर समजू शकले असते.

२९ जानेवारी, गुरुवार

अर्धा दिवस वाया. वाळीतच्या चौकोनात टिक करायची, सेव्ह म्हणायचं, 'नोंद झाली' असं येतं, परत उघडलं की चौकोन रिकामा. टेबल तपासलं, फॉर्म तपासला, सगळं ठीक. शेवटी कळलं की क्लासमध्ये मी त्या रकान्याचं नावच घातलं नव्हतं. कारकुनाच्या ओळखीचा नाही म्हणून तो प्रत्येक वेळी टाकून देत होता.

बाकीचे सगळे रकाने घातले आणि हाच कसा विसरले? माहीत नाही. पाच मिनिटं तसाच ठेवावा असंही वाटलं. मग घातला. काम ते काम.

तपासणीच्या जागी हे लिहिलं: वाळीत असेल तर क्रम उणे एक. जूमला क्रम लावताना उणे आकडे सोडून देतो, म्हणून ही सोय. लिहायला एक ओळ लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज प्रत्यक्ष घरं भरली. बाबांच्या नावाने लॉगिन केलं होतं, विठूकाकांच्या आणि अण्णांच्याही. एकेक घर बघत सतराला आलो.

अण्णा म्हणाले, "विठू, कर टिक."

विठूकाका म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. दुसऱ्या एकाला फोन आला. मग बाबा उठले. "मी करतो." माझ्याकडून माउस घेतला, स्वतःच्या नावाने आत गेले, टिक केली, आणि दोन बोटांनी हळूहळू टाइप करत खाली टिपण घातलं: 'दि. ८-२-२००९ च्या सभेतील निर्णयानुसार, सर्वानुमते.' इथेही ऑफिसची भाषा! अण्णा तोवर चहाकडे वळले होते.

मी 'क्रम लावा' दाबलं. अठरावं घर सतराव्या जागी आलं, एकोणिसावं अठराव्या, असं शेवटपर्यंत. एक ते त्रेसष्ट, मध्ये एकही आकडा गळलेला नाही. आतापर्यंत पालखी काकांच्या अंगणासमोरून पुढे नेताना भोई जरा अडखळायचे म्हणे, ढोल थांबायचा. कागदावर तेवढंही उरलं नाही.

"झ्याक!" अण्णा म्हणाले. "आता भोक दिसत न्हाय."

मी उठले. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, तेही बादलीतलं, कारण आज नळाला पाणी नव्हतं. बाहेर आले तर अण्णा सांगत होते की त्यांच्या भाच्याची अंधेरीला कंपनी आहे, तिकडे माझ्यासाठी शब्द टाकतील. मी थँक्यू म्हणाले. हेही लिहून ठेवते. मी थँक्यू म्हणाले.

आईने आज चहात साखर घातली नाही. विसरले म्हणाली. आई मीठ-साखर कधी विसरत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांशी भांडण झालं. मी म्हटलं, विठूकाकांनी नाही केलं, तुम्हालाच कसली हौस होती? ते म्हणाले, कोणीतरी करणारच होतं. मी म्हटलं, मंदाकाकी असती तर तिला तोंड दाखवू शकला असतात का? त्यावर त्यांनी पेपर वर धरला. बराच वेळ पान उलटलं नाही.

मग अचानक विचारतात, "त्याचा बॅकअप घेतेस ना गं? म्हणजे ते पुसलं तर जाणार नाही?"

"नाही पुसलं जाणार. तुमचं नाव अजरामर आहे."

"तारीख पण?"

"तारीख पण!"

भित्रा माणूस. अण्णांनी हिशेब मागितला तर आपण काम केल्याचा पुरावा हवा, एवढीच काळजी. मला अशा माणसाची मुलगी असल्याची लाज वाटते, आणि अंधेरीच्या फोनची मी वाट बघते आहे, त्याचीही वाटते.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सलोनी घरी आली.

कधी नव्हे ते बाबा आईला घेऊन पश्चिमेच्या बाजारात गेले होते. इतक्या वर्षांत बाबांनी बाजाराची पिशवी धरलेली मला आठवत नाही. दहा मिनिटांत बेल वाजली.

"आत येऊ का? की तुम्हाला पण टाकतील?"

मी बाजूला झाले. ती खुर्चीत टेकली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. हाताच्या बोटांना पॅकिंगच्या पट्टीने कापल्याच्या खुणा. मी विचारलं, काका कसे आहेत.

"पप्पा गप्प असतात. मी तुला एक सांगते, मग तू ठरव. आई श्रावणात गेली, माहीत आहे ना?"

"हो."

"खांद्याला चार माणसं मिळेनात. पप्पा आणि निकेत, आपला निकेत गं, माझा भाऊ, हे दोघं. बाकीचे दोघं शेजारच्या वाडीतून रात्री पाया पडून आणले. त्यांनी तोंडाला फडकी बांधली होती, कोणी ओळखू नये म्हणून. माझी आई अशी गेली. चोरीच्या मालासारखी."

मी खाली बसले. ती रडत नव्हती. बहुतेक खूप वेळा सांगून झालं असावं.

"पोलिसांकडे तीनदा गेलो. ते म्हणतात, गावात सगळे सांगतात असं काही नाही. तुमच्याकडे लेखी काय आहे? लेखी काही नसतंच ना. आता आहे. तुझ्याकडे. सतरा नंबर उघडला की टिक दिसते, आणि खाली बारीक अक्षरात येतं, कोणी भरलं, कधी भरलं. ते छापून दे मला."

"ते नाव कोणाचं आहे तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"सलोनी, ते माझे वडील आहेत."

"माझा काका पण आहे." मग म्हणाली, "पाणी दे."

तांब्याभांडं दिलं. ती भांडं वर धरून प्यायली नाही, ओठाला लावून सगळं पाणी प्यायली. मी बघते आहे हे बघत प्यायली. विचार करून सांगते म्हटलं. ती 'बरं' म्हणून गेली, जाताना रागावलेली नव्हती आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

ती गेल्यावर डोक्यात आलं, खाली बारीक अक्षरात नाव येतं हे तिला सांगितलं कोणी? त्या दिवशी खोलीत कमिटीच होती. विठूकाका असतील. त्यांचं तोंड तेव्हाच उतरलं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस विचार केला आणि मला वाटलं, मी फार हुशारीचा मार्ग काढला. काकांना कागद मिळेल आणि बाबाही वाचतील. साप मरेल, काठी वाचेल.

क्लासमधल्या दोन ओळी काढल्या: 'कोणी' आणि 'कधी'. टेबलात नाव आहे तसंच आहे, पण कारकुनाच्या ओळखीचं राहिलं नाही, म्हणून तो ते वाचून दाखवत नाही. खालचं टिपणही लपवलं. उरलं ते घर क्रमांक सतरा, काशीनाथकाकांचं नाव, वाळीत: होय, क्रम: उणे एक. नवघर रोडच्या सायबरमध्ये जाऊन प्रिंट काढली आणि घडी घालून फळीवर ठेवली. उद्या मुर्ध्याला जायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी गॅसवर दूध ठेवून बाहेर येते तर बाबा खिडकीशी उभे, चष्मा लावून तो कागद वाचताहेत. दोन्ही बाजू बघितल्या. उजेडात धरून बघितला.

"ह्यात खाली नाव होतं, ते कुठे गेलं?"

"प्रिंटरमध्ये कापलं गेलं."

"नीलम, मी एकतीस वर्षं कागद तपासलेत."

कागद कोणासाठी आहे, हे त्यांनी विचारलंच नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"नावाशिवाय, तारखेशिवाय हा कागद म्हणजे रद्दी," बाबा म्हणाले. "कोणी पण टाइप करेल. साहेब फेकून देईल तोंडावर. सलोनी परत रिकाम्या हाताने येईल."

मग सगळं कळलं. मला एवढं उशिरा का कळलं? रकान्याला सरळ नाव, कोणी भरलं त्याची नोंद, सभेची तारीख, सर्वानुमते. बाजाराची पिशवी. आणि मी त्यांना काय काय बोलले होते.

"तुम्ही मुद्दाम..."

"वहिनी गेली तेव्हा मी ह्या खुर्चीत बसलो होतो. काशीदादाचा फोन दोनदा वाजला. दोनदा. तुझी आई म्हणाली, उचला. मी नाही उचलला. महाडची गाडी पकडली असती तर पोचलो असतो खांद्याला." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "सभेत उभं राहून नको म्हणायला मला जन्मात जमलं नसतं. मला माझी लायकी माहीत आहे. नोंद करायला येते, ती केली."

"मला सांगायचं तरी होतं!"

"सांगितलं असतं तर तू माझं नाव काढून टाकलं असतंस."

ते खरंच होतं. मी नाव काढूनच टाकलं होतं. मला रडू कोसळलं. दूध उतू गेलं. आई येऊन गॅस बंद करून गेली, आमच्याकडे बघितलंही नाही. तिला पहिल्यापासून माहीत असणार.

"तुमच्यावरच येईल सगळं. अण्णा हात वर करतील."

"करू देत. मग मी सांगीन सर्वानुमते म्हणजे कोण कोण. एकदा विचारलं की सांगता येईल. आपणहून नाही येत. टाक परत ते."

दोन ओळी परत लिहिल्या. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. नाव आल्यावर म्हणाले, "हं. आता जावक करा."

२ मार्च, सोमवार

सकाळी मुर्ध्याला जाऊन कागद दिला. सलोनीने वाचला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला. आज हाफ डे टाकून महाडची गाडी पकडणार आहे. मिठागराच्या कडेने रिक्षापर्यंत मला सोडायला आली. फार बोललो नाही. तीन वर्षांची सवय मोडायला वेळ लागतो. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, ती पाय ओढत चालत होती, तर मी म्हटलं माझी घे, ती म्हणाली तुझा पाय हत्तीचा. एवढंच.

८ मार्च, रविवार

परवा होळी. आज दुपारी कमिटी आली. न कळवता, सहाच्या सहा जण.

शुक्रवारी महाडच्या ठाण्यातून अण्णांना फोन आला होता. कागदावरची तारीख वाचून दाखवली आणि जबाबाला बोलावलं. अण्णांचा चेहरा लालबुंद. बसायच्या आधीच सुरू झाले.

"उत्तम, तू आमचा गळा कापलास. घरात बसून!"

"मी सभेत ठरलं तेच लिहिलं, अण्णा," बाबा म्हणाले. ते खुर्चीतून उठून उभे होते. आई येऊन त्यांच्या मागे उभी राहिली, हात पदराला पुसत.

"असं हाय तर तुजं घर पन बाहेर. आजपासून. तेवीस नंबर." अण्णा माझ्याकडे वळले. "उघड तेवीस. कर टिक."

तेवीस म्हणजे आम्ही. मी उघडलं. कुटुंबप्रमुख उत्तम, वाडी खालची, क्रम बावीस. भीती वाटली, हे खोटं कशाला लिहू? गावचं घर, आजोबांनी लावलेली झाडं, उद्या माझं लग्न, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "मी कमिटीत नाही, अण्णा. ज्याने करायची त्याने स्वतःच्या नावाने आत यायचं. माउस इथे आहे."

"विठू."

विठूकाका जागचे हलले नाहीत.

"अरे विठू!"

"माजं नाव येनार त्यात," विठूकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

अण्णांनी बाकीच्यांकडे बघितलं. एकजण खिडकीतून बिल्डिंगखालचा पाण्याचा टँकर बघू लागला. सहा माणसं आमच्या एवढ्याशा खोलीत उभी, आणि माउसला कोणी हात लावेना. अण्णाही नाही. तीन वर्षं ज्यांनी देवळात माना हलवल्या त्यांच्यातला एकही नाही.

मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात आईने चहा आणला. ट्रे पुढे केला. एकानेही कप उचलला नाही. विठूकाकांचा हात पुढे आला होता, तो त्यांनी मागे घेतला. आणि मला कळलं की टिक झाली. ह्यांना चौकोन लागत नाही, कधीच लागला नव्हता.

सगळे चपला घालू लागले. अण्णा दारात थांबले, आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखे म्हणाले, "नीलम, ते नाव येतं ना खाली, ते बंद करता येतं का?"

"येतं. दोन ओळी आहेत."

"मग कर की बाय बंद. गावाचा प्रश्न हाय."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "करते. पण असं नाही, अण्णा. लेखी द्या."